कोरी नळी

१

नळीचं झाकण उघडायच्या आधी ऋजुता एवढंच म्हणायची, "मयू, श्वास धर."

मयुरेश गाल फुगवून श्वास धरायचा. बोटभर लांबीची प्लास्टिकची नळी, तिच्या तळाशी चमचाभर स्वच्छ पाणी. ती उघडी नळी हातात धरून सागाच्या झाडांत पुतळ्यासारखं उभं राहायचं. किती वेळ? तर मनातल्या मनात एक अख्खं शुभंकरोती म्हणून होईपर्यंत. हे माप ताईचंच.

"घड्याळ बघायला मोबाइल काढलास की खिशातला सगळा कचरा नळीत पडेल," ती म्हणायची. "शाळेतलं तुला काही येत नसेल, पण माईनं पाठ करून घेतलेलं येतं ना? मग बस झालं."

त्या नळीत काहीही घ्यायचं नसे, म्हणून तिचं नाव कोरी नळी. बाकीच्या नळ्यांत ऋजुता पडक्या ओंडक्यांवरची साल, कुजका पाला, चिमूटभर माती भरायची. इंदूरच्या लॅबमध्ये त्यातला डीएनए वेगळा काढला की डोळ्यांना न दिसणाऱ्या कोणकोणत्या स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारख्या पण हळूहळू सरकणाऱ्या जिवांच्या जाती, त्या जंगलात राहतात ते कळायचं. "चहा पिऊन कप ठेवला तरी कपाच्या काठावर पिणारा थोडा उरतोच, तसं," असं तिनं एकदा भावाला समजावलं होतं. कोरी नळी मात्र कोरीच परत यायला हवी. तिच्यात काही निघालं, तर बाकीच्या नळ्यांतही आपणच घाण केली असं धरायचं आणि सगळं फेकायचं.

ही कोरी नळी धरण्याचं काम मयुरेशचं. नववीत दोनदा बसून शाळा सोडलेला, देवासच्या कारखान्यांतून माल उचलणारी लोडिंग गाडी चालवणारा हा पोरगा त्या कामाचा रुबाब मात्र साहेबासारखा करायचा. पावसाळ्यातल्या रविवारी मोटारसायकलवर मागे ताई, तिच्या पाठीवर पिशवी, पिशवीत त्यांच्या आईनं, माईनं, बांधून दिलेले पराठे. कधी बागलीच्या घाटातलं जंगल, कधी पार धार शहर ओलांडून अमझेऱ्याकडच्या टेकड्या.

ओंडक्यावर पहिल्यांदा त्यांतल्या एकीची, डोळ्यांना दिसणारी पिवळीजर्द, ओलसर जाळी पसरलेली दिसली तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तुझी कढी सांडली बघ."

ऋजुता पोट धरून हसली होती. तेव्हापासून त्या दोघांत ती कढीच. ना झाड, ना प्राणी, ना धड बुरशी. रात्रीतून सरकत दुसऱ्या ओंडक्यावर जाणारी कढी. ताईनं त्याला भिंगातून दाखवलं होतं, जाळीच्या शिरांतून आतला रस एका दिशेनं वाहत जातो, मग थांबतो, मग परत उलटा फिरतो. सारखं चालूच.

"श्वास घेतेय का गं ही?"

"श्वास नाही रे. पण वाटतं खरं तसं."

आणि मग कार्तिकात ऋजुता गेली. ताप आला, ताप उतरला म्हणेपर्यंत डोळे पिवळे झाले, आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत घर रिकामं झालं. मयुरेशनं तिच्या खोलीच्या दारावर एवढ्या जोरानं मूठ मारली की फळीला चीर पडली. ती चीर माईनं बुजवू दिली नाही.

२

आषाढ लागल्यावर वेदिका आली. ऋजुताबरोबर लॅबमध्ये काम करणारी, पीथमपूरच्या कंपनीत नोकरीला असलेल्या बापाची मुलगी. माईनं तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि स्वतः आत जाऊन बसली.

"मयूर, मला जंगलात यायला माणूस पाहिजे यार," वेदिका म्हणाली. "तुला सगळ्या जागा माहीत आहेत."

"मॅडम, माणसं पुष्कळ मिळतात. दुसरा बघा."

"मॅडम मत बोल. आणि दुसरा नको. दोन पावसाळ्यांचे नमुने लागतात. एक पावसाळा ऋजुतानं केला. दुसरा नाही झाला तर तिचा पहिला पण फुकट जाईल."

तो चिरलेल्या दाराकडे बघत राहिला. "छापून आलं तर नाव कुणाचं लागणार?"

"तिचंच. पहिलं नाव तिचं, माझं नंतर."

मयुरेश उठला, खुंटीवरची किल्ली काढली आणि चपला घालायला लागला.

"अरे, आज नाही! रविवारी!" वेदिका म्हणाली, आणि आतून माईचं किती तरी दिवसांत न ऐकलेलं हसू ऐकू आलं.

रविवारी ते बागलीच्या घाटात गेले. सगळं जिथल्या तिथं होतं. तोच ओढा, तोच आडवा पडलेला साग, झाडांना बांधलेल्या ताईच्या लाल फिती जरा विटलेल्या. वेदिका दूर ओंडक्याशी बसून साल खरवडत होती. मयुरेशनं कोरी नळी काढली. श्वास धर म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला मनात म्हटलं, आणि झाकण उघडलं.

श्वास धरला की कानांत जंगल भरून येतं. पानांवरून ठिबकणारं पाणी, लांब कुठं मोर, आपल्याच छातीतले ठोके. आणि त्यात, डाव्या खांद्याच्या मागे, कुणीतरी श्वास घेत होतं.

लांब, आत ओढलेला. मग थांबलेला. मग तेवढाच लांब, बाहेर.

त्याच खांद्यामागे ताई उभी राहायची.

त्यानं शुभंकरोती पुरं केलं, झाकण लावलं आणि गर्रकन वळला. मागे सागाचं खोड होतं, त्यावर ओलं शेवाळं. बस. वारा असेल. ओढ्याचं पाणी दगडाखालून जाताना असा आवाज होतो कधीकधी. त्यानं स्वतःला पटवलंही. पण परत येताना मोटारसायकलवर मागून वेदिका म्हणाली, "एक सांगू? राग मत मान. नळी उघडी असताना तू श्वास घेत होतास. मला तिकडे ऐकू आला."

३

इंदूरच्या लॅबमध्ये मयुरेश त्याआधी कधी आत गेला नव्हता. ताईला सोडायचा तो फाटकापर्यंतच. आत गारवा होता, आणि भिंतीला लागून उभे असलेले मोठे फ्रीज एकसारखे गुणगुणत होते. ताईचा पांढरा कोट अजून खुंटीला होता. त्यानं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कोरी नळी कोरी नाही आली," वेदिका म्हणाली. "बागलीची पण, त्यानंतरच्या दोन्ही पण."

"मी श्वास धरला होता. माईची शपथ."

"ऐकून तर घे. आम्ही सगळ्यांनी इथं आपापला नमुना देऊन ठेवलाय. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून. कधी असं झालं तर कुणाची घाण पडली ते कळावं म्हणून. तुझा पण घेतला होता ऋजुतानं, आठवतं?"

आठवत होतं. घरी, खाटेवर बसून. आ कर म्हणाली होती, आणि नंतर म्हणाली, शी, किती गुटखा खातोस रे. त्या दिवसापासून त्यानं गुटखा सोडला होता.

"मग माझा निघाला?"

वेदिकानं हातातला पेन उघडला, मिटला. "नाही. तिचा."

फ्रीजांचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. मयुरेशनं टेबलावर हात आपटला. काचेची भांडी खणखणली.

"काय मजाक लावलाय!"

"अरे भिया, थांब! साधी गोष्ट आहे," वेदिका घाईघाईनं म्हणाली. "नळ्यांचा डबा तिनंच भरलेला होता. मागच्या वर्षी, तिच्या हातांनी. हातमोजा जरा फाटला असेल, तिचं थोडं काही डब्यात राहिलं असेल. डीएनए तसा लवकर नाही जात. नवीन डबा घेऊ, बंदच्या बंद जंगलात नेऊ, तिथं फोडू. झालं."

हे पटण्यासारखं होतं. ताईच्या हातचं लोणचंही घरात बरणीच्या तळाशी अजून होतंच की. मयुरेश उठला. जाताना खुंटीवरच्या कोटाच्या बाहीला त्यानं हलकेच हात लावला. कुणी बघत नव्हतं.

४

नवा डबा अमझेऱ्याकडच्या टेकडीवर फोडला. वेदिकानं स्वतः कात्रीनं पट्टी कापली, चिमट्यानं नळी काढून दिली.

"धरलास?"

त्यानं मान हलवली. झाकण उघडलं. टेकडीखाली कुणाच्या तरी शेतात सोयाबीनवर फवारा चालू होता. त्याची घरघर बंद झाली आणि मग ते आलं. लांब, आत. थांबलेलं. लांब, बाहेर.

आणि मयुरेशला भीती वाटली नाही. लाज वाटावी एवढा आनंद झाला. लहानपणी विजा चमकायला लागल्या की तो ताईच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. तिचा श्वास मणक्यात जाणवायचा, मग विजेचं काही वाटायचं नाही. तसंच वाटलं आता. त्यानं शुभंकरोती मुद्दाम सावकाश म्हटलं. एकेक शब्द जिभेवर चघळून. संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा कुठं झाकण लावलं.

त्यापुढच्या रविवारीही तेच. मग त्याच्यापुढच्याही. तो आता रविवारची वाट पाहायला लागला होता. गाडीवर माल चढवताना शीळ घालायचा. कारखान्याच्या फाटकावरचा हमाल म्हणाला, "क्या भिया, लगन जम गया क्या?"

पण श्रावण संपता संपता वेदिका घरी आली ती डोळे सुजवूनच.

"तू मुद्दाम करतोस का?" तिनं दारातच विचारलं.

"काय मुद्दाम?"

"डबा नवा. हातमोजे नवे. नळ्यांना तिचा हात कधी लागलेला नाही. तरी सगळ्या कोऱ्या नळ्यांत ती आहे. आणि दर खेपेला जास्त. आधी चिमूटभर होती, आता..." ती थांबली. "आमचे लॅबचे सर म्हणतात, लॅबच खराब झालीय. ते म्हणाले, शेवटची एक खेप करा. बागलीची. ही कोरी नळी जर कोरी आली नाही, तर दोन्ही वर्षांचं काम बाद. ऋजुताचं पण. सगळं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे तिनं काही केलंच नव्हतं, असं."

आत माईची भांडी वाजायची थांबली.

५

त्या आठवड्यात मयुरेश एका दुपारी ताईच्या खोलीत जाऊन तिच्या खाटेवर आडवा पडला. खोली माईनं तशीच ठेवली होती. खिडकीत प्लास्टिकच्या बशा, त्यांत सालीचे वाळलेले तुकडे. कढीला खायला ठेवायची तो ओट्सचा डबा. बाहेर पाऊस लागलेला, गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता.

तो विचार करायला गेला. त्याला सवय नव्हती. डोकं दुखायला लागलं, पण उठला नाही.

एक मन म्हणत होतं, तुला भास होतात. दुःखात होतात लोकांना. पण वेदिकालाही ऐकू आलं होतं. दुसरं मन म्हणत होतं, ताईच आहे. मग ती आपलंच काम का बुडवेल? जी कोऱ्या नळीवर माशी बसली तर अख्खी खेप परत करायची, ती त्या नळीवर श्वास का सोडेल?

पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की तिला कळत नसेल.

मग त्यानं तो श्वास आठवला आणि तसाच घेऊन पाहिला. लांब आत. थांब. लांब बाहेर. जमेना. छाती फुटायची वेळ आली तरी तो श्वास अजून आतच चाललेला असायचा. एवढा लांब श्वास माणसाला नाही घेता येत. तो पुन्हा करत राहिला, आणि घामानं चिंब झाला, कारण तो लांबपणा त्याच्या ओळखीचा होता. एका दिशेनं जाणारं, थांबणारं, उलटं फिरणारं. भिंगातून कढीच्या शिरांत पाहिलेलं.

दारात माई उभी होती. "काय रे, मासा झालास का? तोंड काय उघडमीट करतोस?"

"काही नाही माई."

माई खाटेच्या कडेला टेकली. चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाली, "मी शिकलेली नाही, तूही नाहीस. घरात एकटी तीच. तिनं केलेलं कुठं तरी लिहून राहावं रे मयू. मला वाचता नाही आलं तरी चालेल."

६

भाद्रपदातल्या त्या रविवारी बागलीच्या घाटात पाऊस नव्हता, ढग होते. दुपार असूनही सागाखाली अंधारून आलेलं. वेदिकानं आपले नमुने घेतले, मग म्हणाली, "मी ओढ्यापलीकडे जाऊन थांबते. माझा काही संबंध नको. तू एकटा कर."

तिच्या पावलांचा आवाज गेला. मयुरेशनं हातमोजे घातले. पट्टी कापली. नळी काढली. त्यानं अजून झाकण उघडलं नव्हतं, श्वासही धरला नव्हता, तरी ते आलं. आज लपून नव्हतंच. खांद्याला लागून. मानेवरचे केस आत ओढल्यासारखे हलले, मग बाहेर.

वळून बघावं असं त्याला इतकं वाटलं की मान दुखायला लागली. वळला नाही.

किती गोष्टी सांगायच्या होत्या. दाराला चीर पडली. गुटखा परत नाही खाल्ला. तुझं लोणचं संपत आलंय, मी खात नाही, माईपण खात नाही. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. आला तो शब्द तसाच आला, जसा इतकी वर्षं तिच्याच तोंडून ऐकला होता.

"ताई," तो म्हणाला, "श्वास धर."

आवाज थांबला.

मधेच थांबला. आत ओढलेला, अर्ध्यावर. जंगलही थांबल्यासारखं झालं. मयुरेशनं स्वतःचा श्वास धरला, झाकण उघडलं आणि शुभंकरोती सुरू केलं. ना भरभर, ना सावकाश. माईनं शिकवलं होतं तसं. ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मागे काहीही नव्हतं. कुणीतरी श्वास रोखून उभं असतं तेव्हा जेवढं काही नसतं, तेवढं.

संपलं. त्यानं झाकण लावलं, घट्ट पिळलं, नळी पिशवीत टाकली.

"झालं ताई," तो म्हणाला. "सोड आता."

काही नाही.

"सोड ना."

ओढ्यापलीकडून वेदिकाची हाक आली, "मयूर! हो गया क्या?"

"ताई, झालं की. सोड."

तो वळला. खोड, शेवाळं, पानं. तो त्या खोडाभोवती फिरला. आधी हळू, मग धावत. शेवटी वेदिकानं येऊन त्याचा दंड धरला तेव्हा तो जोरजोरानं श्वास घेऊन दाखवत होता, झाडांकडे तोंड करून, लहान मुलाला दाखवावं तसा.

७

नळी कोरी आली.

वेदिका पेढे घेऊन आली. हसत होती, रडत होती. सर म्हणाले होते, काही हरकत नाही, लिहायला घ्या. जंगलातल्या त्या न दिसणाऱ्या रहिवाशांची मोठी यादी होणार होती, आणि वर पहिलं नाव ऋजुताचं. माईनं फोटोपुढे पेढा ठेवला आणि कागदावर ते नाव कुठं येणार ते वेदिकाकडून बोट ठेवून समजून घेतलं.

"बघ, काही निघालं नाही तिच्यात! बिलकुल काही नाही!" वेदिका मयुरेशला म्हणाली. "खूश नाहीस?"

"खूश आहे ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माल अर्ध्या वाटेत सोडून लोडिंग गाडी तशीच बागलीकडे वळवली.

आडव्या सागाजवळ कढी आली होती. एवढी मोठी त्यानं कधी पाहिली नव्हती. ओंडक्यावरून उतरून जमिनीवर, पाल्यावर, खाटेवर चादर टाकावी एवढी पसरलेली. फक्त मधे काही जागा तिनं सोडल्या होत्या. शेजारी शेजारी दोन, गुडघ्याएवढ्या गोल. त्यांच्या पुढे एक, पाच बोटं फाकलेली, ताई एका हातात भिंग धरून ओणवायची तेव्हा दुसरा हात टेकायची तशी. तिथला पाला कोरडा होता आणि दाबलेला होता. कुणीतरी अजून तिथं भार देऊन असल्यासारखा.

मयुरेश खाली बसला. मोबाइलचा कॅमेरा त्या पिवळ्या शिरांवर धरला आणि जवळ, आणखी जवळ आणला. रस दिसत होता. शिरा भरलेल्या, तट्ट फुगलेल्या. वाळलं काही नव्हतं. पण वाहत नव्हतं. तो बघत राहिला, हात भरून आला तरी. ना पुढे, ना मागे.

त्या रविवारपासून श्वास धरून बसली होती ती. शब्दाला पक्की.

"सोड," तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला. मग विनवून. त्याच्या तोंडची वाफ त्या जाळीवर पडत होती, आणि जाळी हलत नव्हती.

मग तो समोरासमोर गुडघ्यांवर आला. फाकलेल्या त्या पाच बोटांशेजारी त्यानं आपला पंजा टेकला. पाला तिथं गरम लागला. आणि तिला एकटीला नको, म्हणून त्यानंही श्वास धरला.